झेंडूच्या पाकळीतले फुलकिडे

बाबा, मी आता टोमॅटोवर काम करत नाही. गांजावर करतो. हे वाक्य तुमच्यासमोर बसून बोलायची वेळ आली नाही, आणि आली असती तर मी ते कसं बोललो असतो कोण जाणे. कदाचित आधी लायसन्सचं सांगितलं असतं. सरकारी लायसन्स आहे, मोठं काचघर आहे, भोवती दुहेरी कुंपण, दारादारावर कॅमेरे, आणि कामाचा पत्ता बाहेर कोणाला सांगणार नाही अशी मी सही करून दिलेली आहे. इथून माल फार्मसीत जातो आणि तिथून स्पेशालिस्टने लिहून दिलेल्या पेशंटकडे. तुम्ही होतात तेव्हा हे कायद्यात बसत नव्हतं. एकदा तुमच्या क्लिनिकमध्ये एका पेशंटने दुखण्यासाठी हे चालेल का असं विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, "मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी लिहून देत नाही." जेवताना तुम्हीच सांगितलं होतंत. मंडळाच्या कार्यक्रमात लोक मला अजून "टोमॅटोवाले" म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.

काम मात्र तेच आहे. तेव्हाही किडे बघायचो, आताही किडेच बघतो. झाड कोणतं याने मला फारसा फरक पडत नाही, पानाच्या खालच्या बाजूला कोण राहतं तेवढंच मला कळतं. साउथहॅम्प्टनच्या घरामागे तुम्ही कोणाकडून तरी जुनं काचघर आणून उभं केलं होतंत. आत टोमॅटो, मिरच्या आणि कडेने झेंडू. मी प्रायमरीत असेन. टोमॅटोच्या शेंड्यावर हिरवे किडे दिसले म्हणून मी भांडी धुवायचं लिक्विड पाण्यात कालवून घेऊन चाललोय. तुम्ही हॉस्पिटलमधून नुकतेच आलेले, टाय सैल केलेला, काचघराच्या दारात उभे. "थांब. काय मारतोयस?" "किडे." "कुठले?" "माहीत नाही. हिरवे." "म्हणजे नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि शिक्षा आधीच ठरली?" तुमचा आवाज चढलेला नाही, पण बादली तुम्ही माझ्या हातातून काढून घेता. "कानाच्या क्लिनिकमध्ये मी असं केलं तर मला घरी पाठवतील. आधी बघ. पोटभर बघ. मग काय करायचं ते बोलू." थोड्या दिवसांनी तुम्ही मला तुमचा जुना ओटोस्कोप दिलात. कान तपासायचं ते दिव्याचं भिंग. आई म्हणाली, "लोकांच्या कानातली वस्तू माझ्या किचनमध्ये आणू नका हं." तुम्ही ती तिच्यासमोर स्पिरिटने पुसून दाखवलीत आणि तरीही तिने ती ओट्यावर ठेवू दिली नाही. त्या भिंगातून किडा फार मोठा दिसत नसे, पण त्याच्यावर उजेड पडत असे, आणि उजेड पडल्यावर तो काय करतो हे बघत मी तासन् तास बसत असे.

गांजाचं फूल तुम्हाला भिंगाखाली दाखवायला हवं होतं. वरून बघितलं तर त्यात सुंदर असं काही नाही, हिरवट केसाळ कणीस. भिंग लावलं की प्रत्येक पाकळीएवढ्या पानावर टाचण्या टोचल्यासारखे बारीक केस दिसतात, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला काचेचा मणी. त्या मण्यात चीक असतो, आणि औषध त्या चिकात. आता गंमत अशी की चिकावर जे पडतं ते तिथेच राहतं. धूळ, केस, किडा, फवारा, सगळं. आणि पेशंट ते फूल गरम करून त्याची वाफ छातीत ओढतो. म्हणून एकदा फुलं यायला लागली की आम्ही फवारायचा पंप स्टोअरमध्ये ठेवून कुलूप लावतो. टोमॅटोवर काही चुकलं तर धुऊन घेता येतं. इथे धुता येत नाही.

मग उरतात ते किड्यांना खाणारे किडे. ते आम्हाला कुरियरने येतात. तुम्ही हसला असतात. खरंच येतात, भुशाने भरलेल्या बाटलीतून आणि चहाच्या पिशवीएवढ्या कागदी पाकिटांतून. पाकीट फांदीला अडकवायचं, त्याला टाचणीएवढं भोक असतं, त्यातून टाचणीच्या डोक्याहून लहान असे भक्षक कोळी आठवडाभर बाहेर पडत राहतात. शुक्रवारी पार्सल निघेल अशी ऑर्डर कधी द्यायची नाही, कारण वीकेंडला ते डेपोत पडून राहतं आणि आतले सगळे मरतात. मातीत टाकायचे वेगळे, पानावरचे वेगळे. फूल चिकट झालं की पानावरचेही आमच्याच मालाला चिकटून मरतात, म्हणून त्यांची भरती आधी करावी लागते. ज्यांना ते खातात त्यांत माझ्या लेखी सगळ्यात हुशार थ्रिप्स. मराठीत त्यांना फुलकिडे म्हणतात हे मला अगदी अलीकडे कळलं. इतकी वर्षं मी त्यांना फक्त इंग्रजीत ओळखत होतो.

आता या दसऱ्याचं सांगतो. तुम्ही सकाळी आंघोळ करून किचनच्या टेबलावर पाट ठेवायचात, त्यावर टॉवेल, टॉवेलवर तुमची हत्यारं. ओटोस्कोप, ट्यूनिंग फोर्क, घसा बघायचा आरसा. आई हळद-कुंकू वाहायची, तुम्ही काचघरातला झेंडू. शाळा असायची, म्हणून मी युनिफॉर्ममध्ये हात जोडून उभा. मी ते पुढे चालू ठेवलं आहे. माझ्याकडे हत्यार एकच, गळ्यात अडकवायचं घडीचं भिंग, आणि ते ठेवायला बायकोने शिवलेली कापडी पिशवी. यंदा झेंडू आमच्या बागेतला होता. भिंगाला फूल वाहिलं, गाडीलाही एक हार घातला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. आमच्याकडे आत जाताना कपडे बदलतात, बूट औषधाच्या पाण्यात बुडवतात, केसांवर टोपी घालतात, भिंग स्पिरिटने पुसतात. पिशवी कोणी तपासत नाही. मीही कधी तपासली नव्हती.

दिवाळीच्या जरा आधी आमच्या ग्रोअरने मला बोलावलं. झाडं वाढवायचं काम तिच्याकडे. ही मुलगी लंडनमधल्या हाउन्सलोची, तिथेच जन्मलेली, तिशीतली, आईवडील मराठी. मराठी बोलते पण तिचं तिचं. कामावर आम्ही इंग्रजीच बोलतो, पण काही बिनसलं की ती मराठीवर येते, कारण मग बाकीच्यांना कळत नाही. त्या दिवशी फोनवर पहिलाच शब्द "काका" होता, तेव्हाच मला समजलं.

"काका, जरा या ना. माझा रूममध्ये काहीतरी आहे. आय डोन्ट लाइक इट."

"काय दिसतंय?"

"पान सिल्व्हर झाला आहे. खालचा. एकच नाही."

काचघरातली ही खोली पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या हातात दिलेली होती. काढणीला महिन्याहून कमी वेळ राहिला होता, फुलं भरत आली होती, वास दारातच अंगावर येत होता. मी पान उलटं केलं. चंदेरी डाग, त्यावर काळे ठिपके, आणि डागाच्या कडेने किड्यांची पिवळसर पोरं, कापलेल्या नखाच्या तुकड्यासारखी, पण टाचणीच्या टोकाएवढी. मला नाव विचारायची गरज नव्हती. तिलाही नव्हती.

"किती वाईट आहे?" ती म्हणाली.

"बघू दे आधी."

"काका, तुम्ही बघत बसणार आणि मॅनेजर माझा रूम कापणार."

तिचं चुकत नव्हतं. आमचा मॅनेजर ग्लासगोचा, मोजकं बोलणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मी एक खोली गमावू शकतो, शेजारच्या गमावू शकत नाही. पुढच्या आठवड्याच्या शेवटी कार्डावरचे आकडे उतरले नसतील तर खोलीतली सगळी झाडं कापायची, साक्षीदारासमोर नष्ट करायची आणि पुन्हा सुरुवात. ही जात लिहून दिलेल्या पेशंटना तोपर्यंत दुसरं काहीतरी घ्यावं लागेल. हे त्याने सहज सांगितलं, पण ग्रोअरने तिथेच खाली बघितलं. ती फार्मसीचे फोन कधी कधी स्वतः घेते. मी कोणा पेशंटचा आवाज अजून ऐकलेला नाही.

कार्ड म्हणजे निळे चिकट पट्टे. फुलकिड्यांना निळा रंग का आवडतो हे मला अजूनही नीट माहीत नाही. प्रत्येक रांगेत एक असतो. मी खोलीभर फिरून त्यावरचे किडे मोजले आणि कागदावर खोलीचा नकाशा काढून आकडे मांडले. आत जावं तसे आकडे कमी. सगळ्यात जास्त दाराजवळ, आणि दाराजवळही एकाच बाजूला, जिथे भिंतीला हूक आहे. त्या हुकापाशी मी थोडा वेळ नुसता उभा राहिलो. मग लक्षात आलं की मी रोज तिथेच उभा असतो. हातमोजे घालताना भिंगाची पिशवी मी त्याच हुकाला अडकवतो. पिशवी उलटी केली तर शिवणीत नारिंगी पाकळ्या होत्या, वाळून कागदासारख्या झालेल्या.

ग्रोअर माझ्या खांद्यावरून बघत होती. "हे काय आहे?"

"झेंडू."

"का?"

"दसऱ्याला भिंगाची पूजा केली होती."

तिने वाकून पाकळ्या जवळून बघितल्या. मग म्हणाली, "आमच्या घरी पण करतात. आई माझा लॅपटॉपला कुंकू लावते. पोर्टमध्ये जातं." आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, कारण खोली तर तिचीच होती. "आता रिपोर्टमध्ये काय लिहिणार, काका? रीझन फॉर आउटब्रेक, फेस्टिव्हल?"

मी सरळ मॅनेजरकडे गेलो आणि पाकळ्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. त्याला दसरा समजवायला थोडा वेळ लागला. त्याने विचारलं, आणखी कशाकशाची पूजा केलीस? मी म्हटलं, गाडीची. त्याने खिडकीतून कारपार्ककडे बघितलं आणि विचारलं, ती काचघराच्या कुठल्या झरोक्याखाली उभी करतोस? हार अजून बॉनेटवर होता, बाबा. मी जाऊन काढला, दोन पिशव्यांत बांधला, आणि येताना मलाच हसू आलं. रिपोर्टमध्ये त्याने "कर्मचाऱ्याकडून आलेला वनस्पतीचा अंश" असं लिहिलं. मला काही बोलला नाही. पिशव्यांवर त्या दिवसापासून बंदी आहे.

पण यातून मला एक गोष्ट कळेना. पाकळ्यांतून आले असतील, ठीक आहे. चार-दोन आले असतील. पण आम्ही मातीत भक्षक कोळी आधीच सोडलेले होते, मुद्दाम अशाच पाहुण्यांसाठी. त्यांनी यांना खाल्लं का नाही? सगळे फुलांकडे बघत होते. ग्रोअर फुलांकडे, मॅनेजर फुलांकडे, मीही. आणि तिथे मला तुमचा तो लॉरी ड्रायव्हर आठवला. कान दुखतो म्हणून दोनदा औषध घेऊन गेलेला. तुम्ही कान बघितलात, स्वच्छ. पुन्हा बघितलात, स्वच्छ. मग म्हणालात, तोंड उघडा, आणि मागच्या दाढेखाली सगळं सुजलेलं. वरणात लिंबू पिळत तुम्ही आम्हाला सांगत होतात, कानाची नस आणि दाढेची नस यांचं कसं साटंलोटं असतं, आणि आई म्हणत होती, जेवताना पू नको. फुलकिड्यांचंही तसंच. ते पानावर खातात, पण मोठं व्हायच्या आधी खाली पडतात, कुंडीत शिरतात आणि तिथे काही दिवस न खाता न हलता पडून राहतात. हे मला पाठ आहे, मी हे लोकांना शिकवलंही आहे. तरी कुंडीत बोट घालायला मला दोन दिवस लागले.

कुंड्यांत माती नसते, नारळाचा भुसा असतो. बोट घातलं तर वरचा थर पापडासारखा कोरडा. खाली ओल होती, वर काही नाही. भक्षक कोळ्यांना ओल लागते. ते केव्हाच मेले होते.

"पाणी कधी कमी केलंस?" मी विचारलं.

"फुलं मोठी झाली तेव्हा. ह्युमिडिटी वर गेली की बुरशी येते. आय कान्ट हॅव मोल्ड, काका. किडे काढता येतील, बुरशी नाही."

तिचं म्हणणं बरोबर होतं. फुलाच्या आत बुरशी लागली की दोन दिवसांत कणीस राखाडी होतं आणि मग काहीच करता येत नाही. तिने एका रोगापासून खोली वाचवली होती आणि म्हणून दुसरा आत आला होता. तुमच्याकडे असे पेशंट यायचे का? मला वाटतं यायचे. एका गोष्टीचं औषध दुसऱ्या गोष्टीला वाट करून देतं, आणि दोन्हीकडे चूक अशी कोणाचीच नसते.

आम्ही ठरवलं ते असं. दाराजवळच्या रांगा कापायच्या, त्यांचा मोह सोडायचा. बाकीच्या झाडांची खालची डागाळलेली पानं हाताने काढून तिथल्या तिथे पिशवीत बंद करायची. कुंडीचा वरचा थर फक्त सकाळी भिजवायचा, पंखे पूर्ण चालू ठेवून, आणि त्या पाण्यातून सूत्रकृमी सोडायचे, जे भुशात पडलेल्या फुलकिड्यांच्या अंगात शिरून त्यांना मारतात. मागोमाग ताजे भक्षक कोळी. फुलाला हातही लावायचा नाही. ग्रोअर म्हणाली, "आणि बुरशी आली तर?" मी म्हटलं, "तर मी चुकलो असेन." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला भीती नाही वाटत?" मी काहीतरी पुटपुटलो. तिने स्वतः रांगा कापायला सुरुवात केली, दुसऱ्या कोणाला कात्री लावू दिली नाही. दिवाळीला ती हाउन्सलोला गेली नाही. तिच्या आईने डब्यातून चकल्या पाठवल्या, त्या आम्ही कँटीनमध्ये खाल्ल्या, हात कोपरापर्यंत धुऊन.

रोज सकाळी ती हवेतली ओल बघायची आणि मी निळी कार्डं. पहिले काही दिवस आकडे हलले नाहीत, एकदा तर वाढले. ती म्हणाली, "काका, खोटं तरी बोला." मी म्हटलं, उडणारे आहेत ते आधीचे, खालचे अजून वर यायचेत. मग एका सकाळी कार्डावर नवे जवळजवळ नव्हते. मी भुसा चिमटीत घेऊन भिंगाखाली धरला. एक फुलकिडा होता, पिवळट, मऊ पडलेला, आत काहीतरी वळवळत होतं. तिला बघायला दिलं. "ईऊ," ती म्हणाली, आणि भिंग परत द्यायला बराच वेळ लावला. आठवड्याच्या शेवटी मॅनेजरने आकडे बघितले, खोलीत एक चक्कर मारली आणि ठीक आहे एवढंच म्हणाला. दाराजवळच्या रांगा गेल्या त्या गेल्या. मधे एका कोपऱ्यात दोन झाडांना बुरशी लागलीच, ती तिने मला दाखवायच्या आधी काढून टाकली होती. बाकीची खोली काढणीपर्यंत टिकली, वाळली, लॅबमध्ये तपासून पास झाली आणि गेली. कोणाकडे गेली ते मला कळणार नाही. पुढची खोलीही तिलाच दिली आहे.

झेंडूतूनच आले का, हे मला अजून माहीत नाही. बागेतली फुलं बघायला गेलो तोवर थंडीने सगळी काळी पडली होती. पाकळ्यांत एकही किडा सापडला नाही. हूक आणि पाकळ्या सोडल्या तर माझ्याकडे पुरावा नाही. तुम्ही म्हणाला असतात, शक्यता आहे, निदान नाही.

आज रविवार आहे, बायको तिच्या बहिणीकडे गेली आहे, घरात कोणी नाही म्हणून हे लिहितोय. लिहायचं कारण वेगळं आहे. लहानपणी कधी कधी तुम्ही संध्याकाळी शीळ वाजवत घरी यायचात. गाडीतून उतरतानाच ऐकू यायची. त्या दिवशी तुम्ही एक पोळी जास्त खायचात, आणि आई विचारायची, आज कोण बरं झालं? तुम्ही नुसते हसायचात. मलाही वाटायचं की कोणीतरी बरं झालं असणार. मी मोठा झाल्यावर एकदा विचारलं तेव्हा तुम्ही जरा ओशाळून म्हणालात की तसं नसतं, कधी तो पेशंट बराच वाईट असतो, पण असं काही आपण आधी पाहिलेलं नसतं. मग विषय बदललात. तेव्हा मला ते थोडं विचित्र वाटलं होतं.

त्या आठवड्यात, म्हणजे ती मुलगी नीट जेवत नव्हती आणि कापलेल्या रांगांकडे पाठ करून उभी राहत होती तेव्हा, मी रोज सकाळी लवकर उठत होतो. कामावर जाताना सिग्नल लाल लागला तर मला राग यायचा, कारण कार्डं बघायला उशीर होत होता. बायकोने एका संध्याकाळी विचारलं, "आज काय विशेष? पुन्हा वाढू का?" मी म्हटलं, काही नाही, आणि ताट पुढे केलं. खोली जाईल की राहील हे ठाऊक नव्हतं, गेली असती तर ग्रोअरचं काय झालं असतं हे मात्र ठाऊक होतं, आणि तरी मी आनंदात होतो, बाबा. तिने मला भीती वाटते का विचारलं तेव्हा मी पुटपुटलो ते याचसाठी. हे तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.